कापून-जोडलेली एफसी पुन्हा उभी करताना

वाचकाचे पत्र (थोडक्यात): आमच्या घरी १९७२ साली नोंदलेली महिंद्रा एफसी १५० पिकअप आहे. माझे वडील, अण्णा, तिच्यातून फलटणहून पुण्याच्या मार्केट यार्डात डाळिंब आणि भाजी नेत असत. २००४ च्या सुमारास गाडी चुलतभावाकडे गेली. त्याने पेट्रोल इंजिन काढून जुने डिझेल इंजिन बसवले, केबिनचे छप्पर कापून त्या जागी लोखंडी नळ्यांचा सांगाडा केला, रुंद टायर घातले, पाट्यांखाली (चाकांवरच्या स्प्रिंगच्या पट्ट्यांखाली) ठोकळे घालून गाडी उंच केली आणि हौद्याला बाकडी वेल्ड केली. आता गाडी परत आमच्या अंगणात आली आहे. एक गॅरेजवाला म्हणतो, भंगारात द्या. दुसरा म्हणतो, नवे डिझेल इंजिन आणि पॉवर स्टिअरिंग घालून, रंगवून चार महिन्यांत देतो. मला ती अण्णांच्या वेळी होती तशी हवी आहे. छप्पर, समोरची काच, दिवे कुठे मिळतील? सुरुवात इंजिनापासून करावी का?

उत्तर:

ताई, आपले पत्र आणि सोबतची छायाचित्रे मी नीट पाहिली. गाडी भंगारात देऊ नका. त्याचबरोबर, चार महिन्यांत रंगवून देतो म्हणणाऱ्या गृहस्थांच्या हातीही ती देऊ नका, कारण आपल्याला जे हवे आहे ते त्यांना करायचेच नाही. आणि सुरुवात इंजिनापासून करू नका. ही तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे, म्हणून तिची कारणे सविस्तर सांगतो.

आपल्या गाडीची वंशावळ कळली की कोणता भाग मिळेल आणि कोणता मिळणार नाही, हे बरेचसे आपोआप उलगडते. एफसी म्हणजे फॉरवर्ड कंट्रोल. अमेरिकेतील ओहायो राज्यातल्या टोलेडो येथे विलीस कंपनीने ही पिकअप १९५६ च्या अखेरीस बाजारात आणली आणि तिचे रूप ब्रुक्स स्टीव्हन्स या आरेखनकाराने घडवले. सीजे ५ या जीपइतकेच, म्हणजे ८१ इंचांचे, चाकांमधले अंतर ठेवून केबिन इंजिनाच्या वर पुढे सरकवायची आणि मागे मोकळा हौदा मिळवायचा, ही त्यामागची कल्पना होती. अमेरिकेत ती १९६५ पर्यंतच बनली. आपल्याकडे १९४७ पासून मुंबईत जीप जोडणाऱ्या महिंद्रांनी मात्र ती पुढेही बनवली, आणि म्हणूनच ती आपल्या अण्णांच्या हाती आली. यातली कामाची गोष्ट अशी की पत्र्याखालची जवळजवळ सगळी यंत्रसामग्री त्या काळच्या जीपचीच आहे. एफ १३४ हे २१९९ सीसीचे पेट्रोल इंजिन, टी ९० हा तीन गिअरांचा गिअरबॉक्स, स्पायसर १८ हा ट्रान्स्फर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारी पेटी) आणि ५.३८ गुणोत्तराचे क्राउन-पिनियन (चाकांना फिरवणारी दातेरी जोडी) या वस्तू महिंद्रांच्या सीजे ३बी जीपमध्ये वर्षानुवर्षे बसत होत्या आणि त्यांचे सुटे भाग आजही देशभर पडलेले आहेत. पत्रा मात्र केवळ एफसीचा. तिचे छप्पर, दारे, समोरची वळणदार काच, जाळी, केबिनमधली इंजिनावरची पेटी आणि हौद्याचा मागचा फाळका यांतले काहीही दुसऱ्या कोणत्याही गाडीला बसत नाही, म्हणून त्यांचा साठा कुणी केला नाही.

म्हणजे गॅरेजमध्ये सहसा ज्याला मोठे काम समजतात, ते इंजिन, आपल्या गाडीच्या बाबतीत पैसे मोजले की मिळणारी वस्तू आहे. ज्याला किरकोळ टिनकाम समजून कापून टाकले, ते छप्पर मात्र पैसे मोजूनही चटकन मिळणार नाही. ज्या क्रमाने वस्तू दुर्मीळ, त्याच क्रमाने त्यांची काळजी घ्यायची, एवढे सूत्र धरून चाललात तर आपली फसगत होणार नाही.

म्हणून पहिला महिना एकही पाना फिरवू नका, फक्त पाहणी करा. गाडी फरशीवर किंवा सपाट कोब्यावर उभी करा, चारही बाजूंनी भक्कम घोड्यांवर (गाडी पेलणाऱ्या लोखंडी टेकूंवर) घ्या आणि चासी घासणीने स्वच्छ करून घ्या. कारखान्यात या चासीच्या आडव्या पट्ट्या रिव्हेट मारून जोडलेल्या असत. त्यामुळे जिथे रिव्हेटची गोल, सारखी डोकी दिसतील तो भाग मूळचा आणि जिथे वेल्डिंगचा जाड, ओबडधोबड वण दिसेल तिथे नंतर कुणाचा तरी हात फिरलेला आहे, असे समजायला हरकत नाही. डिझेल इंजिनाचे पाय बसवण्यासाठी चासीवर लोखंडी कान वेल्ड केलेले असतील. त्यांच्या आसपास नीट पाहिले तर मूळ इंजिनाच्या पायांची बोल्टची भोके मातीने आणि ग्रीसने बुजलेली सापडतात. खिळ्याने ती भोके मोकळी करा, खडूने त्यांच्याभोवती गोल काढा आणि छायाचित्र घ्या. मूळ इंजिन नेमके कुठे बसत होते हे तीच सांगतील, आणि पुढे मिस्त्रीशी मतभेद झाला तर तोच आपला पुरावा.

त्यानंतर ओळंबा घ्या. पुढच्या आणि मागच्या पाट्यांचे हँगर ज्या ठिकाणी चासीला जोडले आहेत, त्या चारही ठिकाणांवरून ओळंबा सोडून फरशीवर खूण करा आणि समोरासमोरच्या खुणांना जोडणारे दोन्ही कर्ण फीतपट्टीने मोजा. दोन्ही कर्ण सारखे असले, किंवा फरक चार-पाच मिलिमीटरच्या आत असला, तर चासी सरळ आहे. फरक त्याहून बराच मोठा असेल, तर गाडी कधीतरी ठोकली गेली आहे किंवा नळ्यांचा सांगाडा वेल्ड करताना उष्णतेने ओढली गेली आहे, आणि ते सरळ करेपर्यंत छप्पर, दारे, काच यांपैकी काहीच नीट बसणार नाही. स्टिअरिंगचा बॉक्स जिथे चासीला बसतो तिथे आणि हँगरच्या मुळाशी केसासारखी तडे गेलेली रेषा आहे का, तेही पाहा. रुंद टायर घातलेल्या जुन्या जीपांत हा दोष बहुतेक तिथेच आढळतो.

पत्र्याची पाहणी करायला महागडे यंत्र लागत नाही. एक चुंबक पातळ फडक्यात गुंडाळा आणि दारांच्या खालच्या कडा, पायऱ्या, मडगार्डच्या कमानी यांवरून हळूहळू फिरवा. जिथे चुंबक पकड सोडतो तिथे पत्रा नाही, नुसती लांबी (खड्डे बुजवण्याचा लेप) भरलेली आहे. अशा जागांचा एका कागदावर नकाशा काढा. आपल्या छायाचित्रांत डाव्या दाराखाली रंग फुगलेला दिसतो आहे आणि तिथे बोटभर जाडीची लांबी निघेल असा माझा अंदाज आहे.

आता छपराविषयी. इथे मी आपल्याला स्पष्टच सांगतो की नवे छप्पर ठोकून बनवण्याच्या फंदात पडू नका. चांगला टिनकामगार मडगार्डची कड किंवा दाराचा तळ हुबेहूब उतरवून देतो, पण काचेच्या चौकटीपासून मागच्या खिडकीपर्यंत दोन दिशांनी वळणारे छप्पर हाताने ठोकून ते काचेला आणि दारांना जुळवणे ही फार दुर्मीळ कसब लागणारी गोष्ट आहे. खर्च होतो आणि शेवटी काच बसत नाही. याला खरा उपाय एकच. एखादी मेलेली एफसी शोधा, जिची चासी गेली आहे, केबिनची जमीन कुजली आहे, कागदपत्रे मोडीत निघाली आहेत, पण छप्पर आणि खांब शाबूत आहेत. अशा गाड्या विटांच्या भट्टीवर, दगडखाणीत, साखर कारखान्याच्या मागच्या आवारात, जुन्या पेट्रोल पंपाच्या कोपऱ्यात पडलेल्या असतात, आणि त्या जाहिरातीतून मिळत नाहीत. त्या टायरवाल्यांना, जुन्या वाहनचालकांना, दुधाच्या आणि उसाच्या गाड्यांवर हयात घालवलेल्या माणसांना विचारून मिळतात. अण्णांच्या काळात मार्केट यार्डात गाडी लावणारी जी माणसे अजून आहेत, त्यांच्यापासून सुरुवात करा. चासीची लांबी वेगळी असलेली एफसी मिळाली तरी लगेच नाही म्हणू नका. अमेरिकेत आखूड एफसी १५० आणि लांब एफसी १७० यांची केबिन एकच होती. म्हणून छपराची रुंदी, काचेच्या चौकटीची उंची आणि दाराच्या बिजागरांमधले अंतर ही तीन मापे सोबत न्या आणि ती जुळली तर सौदा करा.

छप्पर मिळाल्यावर ते खांबाच्या मुळाशी कापायचे नाही. खांबाच्या मधोमध, दोन्हीकडे चांगला पत्रा राहील अशा जागी कापायचे, पोकळ खांबाच्या आत पत्र्याची बाही घालायची, दोन्ही दारे बिजागरांवर लावून बंद करायची, काच चौकटीत ठेवून पाहायची आणि मगच टाके मारायचे. दारे काढून ठेवून छप्पर वेल्ड करणाऱ्या माणसाला थांबवा, मग तो कितीही अनुभवी असो. वेल्डिंगही एका दमात ओढायचे नाही. पातळ पत्रा एकाच जागी तापला की तो वळतो, म्हणून आज इथे एक टाका, मग विरुद्ध टोकाला एक, असे करत जायचे.

कापलेले किंवा कुजलेले काहीही फेकू देऊ नका, ही विनंती मी हात जोडून करतो आहे. काही वर्षांपूर्वी मी माझी स्वतःची जुनी जीप एका गॅरेजात पत्र्याच्या कामासाठी ठेवली होती. एका आठवड्याने गेलो तर दोन्ही दारांचे कुजलेले तळ, डॅशचा मूळ पत्रा आणि आसनांचे सांगाडे भंगारवाल्याला किलोवर गेले होते. नवे पत्रे कापताना ठरवायला काहीच उरले नव्हते आणि ती दारे आजही वरच्या कोपऱ्यात बोटभर फट ठेवूनच लागतात. कुजलेला तुकडा हा नव्या तुकड्याचा साचा असतो. त्याची कड किती वळते, भोक कोणत्या अंतरावर आहे, पन्हळ किती खोल आहे, हे त्याच्याशिवाय कुणालाच सांगता येत नाही. एक मोठी पेटी घ्या, प्रत्येक तुकड्याला चिठ्ठी बांधा आणि पेटी घरी ठेवा, गॅरेजात नव्हे.

याच कारणासाठी चुलतभावाला एक फोन करा, आणि रागावून करू नका. २००४ साली काढलेल्या वस्तू कदाचित त्याच्या गोठ्यात किंवा मिस्त्रीच्या माळ्यावर अजून असतील. विशेषतः तीन गोष्टींची चौकशी करा. इंजिनावरची पेटी, जी डिझेल इंजिन बसवताना कापली असण्याचा संभव आहे. गिअरचा दांडा आणि गिअरबॉक्स यांना जोडणारी दांड्यांची जोडणी, कारण एफसीत चालक गिअरबॉक्सच्या बऱ्याच पुढे बसतो आणि साध्या जीपचा दांडा तिथे चालत नाही. आणि मूळ इंजिन. ते मिळाले नाही तरी चालेल, पहिल्या दोन गोष्टी मिळाल्या तर आपले वर्ष वाचेल.

समोरच्या काचेचा कोपरा तडकलेला आहे असे आपण लिहिता. तरीही ती काच काढताना फुटू देऊ नका. रबर कापून काढा, काच पलंगाच्या गादीवर झोपवून ठेवा. वळणाची काच नव्याने करून देणारे काच-कारागीर मोठ्या शहरांत आहेत, पण त्यांना साचा लागतो आणि तडकलेली मूळ काच हा सर्वांत उत्तम साचा आहे. काच थरांची, म्हणजे फुटली तरी तुकडे न उडणारी, अशीच करून घ्या. तिच्याभोवतीचे रबर, दारांची रबरे आणि ब्रेकचे किट अमेरिकेतल्या जुन्या विलीसचे सुटे भाग विकणाऱ्या दुकानांतून मागवता येतात. वाहतूक आणि सीमाशुल्क धरून ते महाग पडते, म्हणून एकदाच यादी करून मागवा. दिव्यांसाठी परदेशी जाण्याची गरज नाही. सात इंची गोल दिवे आपल्याकडच्या जुन्या जीपांवर, ट्रकवर आणि गाड्यांवर सर्रास होते, आणि बऱ्या स्थितीतले मूळ भांडे मिळाले की आतला परावर्तक पुन्हा चकचकीत करून मिळतो.

यंत्रभागांसाठी दिल्लीच्या मायापुरीचा बाजार आहे, हरियाणातल्या सिरसा जिल्ह्यातले मंडी डबवाली जुन्या जीपांच्या कामासाठी प्रसिद्ध आहे, आणि मुंबईत व पुण्यात जुन्या वाहनांच्या भागांची दुकाने आहेतच. पण तिथे स्वतः जा किंवा जाणत्याला पाठवा. फोनवर पैसे पाठवून आलेला गिअरबॉक्स उघडला की त्यात वेगवेगळ्या तीन गाड्यांचे दात निघतात, असे मी पाहिले आहे.

आता इंजिन. माझे मत स्पष्ट आहे की डिझेल काढावे आणि एफ १३४ परत बसवावे. केवळ भावनेपोटी मी हे म्हणत नाही. एफसीची केबिन पुढच्या धुरीवर बसलेली असते आणि चाकांमधले अंतर कमी, त्यामुळे रिकाम्या गाडीचे वजन मुळातच पुढे झुकलेले असते आणि जोराचा ब्रेक मारला की ते आणखी पुढे जाते. त्यावर जड डिझेल इंजिन ठेवले की पुढचे पाटे, किंगपिन (ज्यावर पुढचे चाक वळते तो खिळा) आणि ब्रेक या सर्वांवर जादा भार येतो. चालकाच्या मांडीशेजारी इंजिन असलेल्या केबिनमध्ये डिझेलचा खडखडाट आणि धग किती जाणवते, हे आपल्या चुलतभावालाही ठाऊक असेल.

एफ १३४ ओळखायला सोपे आहे. त्याचा कार्ब्युरेटर थेट हेडवर बसतो, आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्ड मात्र खाली ब्लॉकच्या कुशीला असतो, कारण याचे इनटेक व्हॉल्व्ह हेडमध्ये आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये असतात. विकत घेताना हेड काढूनच घ्या. एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या बैठकीपासून सिलिंडरकडे जाणारी तड आहे का ते पाहा, तशी तड असेल तर ब्लॉक कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नका. क्रँकला तीन मेन बेअरिंग असतात. क्रँक आधीच किती वेळा घासला आहे ते लेथवाल्याकडून मोजून घ्या. टॅपेटची फट थंड इंजिनावर इनटेकला १८ हजारांश इंच आणि एक्झॉस्टला १६ हजारांश इंच ठेवायची असते. फायरिंगचा क्रम १-३-४-२. हे आकडे मिस्त्रीला माहीत आहेत का, एवढे विचारले तरी त्याने हे इंजिन पूर्वी उघडले आहे की नाही ते कळेल.

दोन गोष्टी अण्णांच्या काळाहून वेगळ्या आहेत. देशभर शिसेयुक्त पेट्रोल २००० साली बंद झाले, म्हणून इंजिन उघडलेच आहे तर एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या बैठका तपासून, झिजलेल्या असल्यास कठीण धातूच्या नव्या घालून घ्या. आणि आता पंपावर वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. जुन्या फ्युएल पंपाचा पडदा, कार्ब्युरेटरची वॉशरे आणि रबरी नळ्या त्याने फुगतात किंवा ठिसूळ होतात, तेव्हा हे सारे इथेनॉल सोसणाऱ्या रबराचे घाला. असे पेट्रोल ओलावा ओढते. गाडी महिनोन्महिने उभी ठेवायची असेल तर टाकी भरलेली ठेवू नका, आणि टाकी आतून गंजलेली असेल तर ती धुऊन, सुकवून घेतल्याशिवाय नव्या कार्ब्युरेटरला जोडू नका.

इंजिनाच्या आधी मात्र ब्रेक आणि स्टिअरिंग. या गाडीला चारही चाकांना ड्रम ब्रेक आणि एकाच वाटेचा मास्टर सिलिंडर असतो, म्हणजे एका चाकाची नळी फुटली की चारही चाकांचे ब्रेक जातात. म्हणून जुनी एकही नळी ठेवू नका. सर्व नळ्या नव्या, पोलादी, ब्रेकसाठीच बनलेल्या घाला. तांब्याच्या साध्या नळ्या वाकवायला सोप्या म्हणून कुणी सुचवील, ते मानू नका. व्हील सिलिंडरचे भोक खड्ड्यांनी खराब झाले असेल तर आत बाही बसवून मूळ मापाचे करून देणारे लेथवाले आहेत.

पाहणी संपून काम सुरू झाले की पाट्यांखालचे ठोकळे पहिल्याच दिवशी काढायला सांगा. पुढच्या धुरीखालचे ठोकळे ही शोभा नसून धोका आहे. ब्रेक मारला की धुरी पाट्यावर पिळवटते, आणि उंची वाढल्यामुळे स्टिअरिंगचा आडवा दांडा तिरका होऊन प्रत्येक खड्ड्यात गाडी एका बाजूला खेचते. पाटे बसलेले असतील तर कमानवाल्याकडून त्यांना पुन्हा कमान देऊन घ्या, नवे पान वाढवू नका. रुंद टायरही विकून टाका. जीपच्या रिमला पाच बोल्ट साडेपाच इंचांच्या वर्तुळावर असतात, तेव्हा मूळ पोलादी रिम शोधणे कठीण नाही. बाहेर सरकलेल्या रुंद चाकाने बेअरिंग आणि किंगपिन किती खाल्ले आहेत, ते चाक जॅकवर घेऊन वर-खाली हलवून पाहा. हात लावताच ठक् असा आवाज आला तर किंगपिनची बेअरिंगे बदलायची आहेत. पॉवर स्टिअरिंगचा विचार सोडा. बारीक टायर, नवी बेअरिंगे आणि नीट शिम (फट भरणाऱ्या पातळ चकत्या) घातलेला बॉक्स असला की ही गाडी एका हाताने वळते. अण्णा ती पॉवर स्टिअरिंगशिवायच यार्डातल्या गर्दीत वळवत असणार.

वायरिंगबद्दल फार लिहीत नाही. जुने सगळे काढा, नवा जुडगा करून घ्या, प्रत्येक वाटेला फ्यूज ठेवा.

कागदपत्रांचे काम मात्र पाना उचलण्याआधी करा. आरसी पुस्तकात इंधन पेट्रोल लिहिले आहे की डिझेल, इंजिन क्रमांक कोणता आहे, आणि गाडी खासगी म्हणून नोंदलेली आहे की मालवाहू म्हणून, हे पाहा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीतल्या मूळ तपशिलाशी विसंगत असा बदल करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे कलम कडकपणे वाचले आहे. म्हणजे आपण मूळ रूपाकडे जाणे कायद्याच्याही दिशेनेच आहे, फक्त बदललेल्या इंजिनाची नोंद आरटीओत करून घ्यावी लागेल. त्यासाठी इंजिन पावतीसह घ्या, आणि क्रमांक घासून नवा ठोकून देतो असे कुणी म्हटले तर तिथून उठून या. तो गुन्हा आहे. चासीचा क्रमांक तारेच्या घासणीने अलगद स्वच्छ करून, त्यावर पातळ कागद ठेवून पेन्सिल फिरवून त्याचा ठसा घेऊन ठेवा. ग्राइंडर त्या जागेच्या जवळपासही जाऊ देऊ नका.

आपली गाडी पन्नास वर्षांची झालेली असल्यामुळे आणखी एक दार उघडे आहे. जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत व्हिंटेज वाहनांची तरतूद झाली. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षांहून जुनी, मूळ रूपात जपलेली, चासी, बॉडी वा इंजिनात मोठे फेरफार न झालेली दुचाकी आणि चारचाकी वाहने त्यात येतात. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये, फेरनोंदणीचे ५,००० रुपये, नोंदणी दहा वर्षांसाठी, आणि क्रमांकात व्हीए ही अक्षरे. अशी गाडी धंद्यासाठी किंवा रोजच्या वापरासाठी चालवता येत नाही. प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, व्हिंटेज फेरी, इंधन भरणे आणि दुरुस्ती यांपुरतीच ती रस्त्यावर आणता येते. आजच्या अवस्थेत आपली गाडी या व्याख्येत बसणार नाही. म्हणूनच कामाच्या प्रत्येक टप्प्याची तारखेसह छायाचित्रे ठेवा आणि काम सुरू करण्यापूर्वी आपल्या आरटीओत लेखी विचारणा करा, कारण दुसऱ्या गाडीचे छप्पर बसवण्याकडे ते कसे पाहतात याचे उत्तर हाती असणे बरे. गाडीतून अधूनमधून शेतावर जायचे असेल तर मात्र व्हिंटेज नोंदणीच्या मागे न लागता सध्याचीच नोंदणी नियमित करून घेणे सोयीचे. त्यातले काय हवे, ते घरच्यांशी बोलून आधी ठरवा.

पैशाबाबत एवढेच सांगतो की ठोक रकमेत काम देऊ नका. ठोक ठरवले की लपलेला कुजका पत्रा उघडा करण्यात कुणालाच रस राहत नाही आणि तो लांबीखाली जातो. टप्प्याटप्प्याने द्या. आधी चासी, ब्रेक, स्टिअरिंग, मग केबिन, मग इंजिन, मग हौदा. प्रत्येक टप्पा स्वतः पाहून मगच पुढचे पैसे. मेलेल्या एफसीसाठी आणि काचेसाठीचे पैसे मात्र सुरुवातीलाच बाजूला काढून ठेवा, कारण ती संधी केव्हा येईल ते आपल्या हाती नाही आणि आली तर त्याच दिवशी पैसे द्यावे लागतात. डिझेल इंजिन चालू स्थितीत असेल तर ते विकून थोडी भर पडेल. दोन वर्षे लागतील असे धरून चाला.

रंग सर्वांत शेवटी, पण त्याचा शोध आजच घ्या. डॅशच्या मागे किंवा हॉर्नच्या पट्टीखाली, जिथे नंतरच्या रंगाऱ्याचा फवारा पोहोचला नसेल अशी जागा निवडा. बारीक पाणकागद ओला करून रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेवर हळूहळू गोल घासा. मधोमध पत्रा दिसू लागला की थांबा. त्याच्याभोवती एकेका रंगाची कडी दिसेल, सर्वांत बाहेर चुलतभावाचा काळा, आत कदाचित अण्णांनी कधी दिलेला रंग, आणि तांबूस प्रायमरला लागून असलेली सर्वांत आतली कडी कारखान्याची. त्या कडीचे दिवसाच्या उजेडात छायाचित्र घ्या आणि रंगाच्या दुकानात पत्रा प्रत्यक्ष नेऊन जुळवा, मोबाइलवरून जुळवू नका.

सध्या फक्त एवढे करा: चुलतभावाला फोन, चासीच्या क्रमांकाचा ठसा, आणि ओळंब्याने घेतलेली दोन कर्णांची मापे. मापे मिळाली की मला कळवा. फरक पाच मिलिमीटरच्या आत निघाला, तर छपराचा शोध त्याच आठवड्यात सुरू करता येईल.